बाराव्या धुण्याचं अक्षर

राजेशम मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेली होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात, सॅम्पल रूममध्ये, त्यांनी काढलेल्या डिझाईनचा टॉवेल टेबलावर पसरून मी उभी होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. निळ्या टॉवेलवर पांढऱ्या अक्षरांत एका हॉटेलचं इंग्रजी नाव. अक्षरं छान कलती हवी होती, ती जवळजवळ ताठ उभी होती. आदल्या संध्याकाळी फोनवर मी त्यांना तसं फटकारलंही होतं. तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यांची मुलगी पद्मा. "मॅडम, नाना गेले... सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि तसंच." मी म्हटलं, "अगं, पण मला त्यांच्याशी बोलायचंय."

आता दोन महिने होत आले. मास्तर कोण होते हे आमच्या कारखान्याबाहेर फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगते. हॉटेलात, क्लबात, दवाखान्यात तुम्ही ज्या टॉवेलला तोंड पुसता त्याच्यावर कधी कधी त्या जागेचं नाव असतं. ते छापलेलं नसतं, विणलेलं असतं. प्रत्येक अक्षर आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर काढतं, एक चौकट म्हणजे टॉवेलवरच्या धाग्याचा एक फासा, एक वेटोळं, आणि त्या चौकटी भरत भरत अक्षर तयार होतं. मास्तरांनी हे काम चाळीसएक वर्षं केलं. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला माणूस, घरी तेलुगू, शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, पण इंग्रजी वाचता येत नव्हतं. आणि मी वळसंगची, घरी कन्नड, इंग्रजीत एम.ए. केलेली, कारखान्यात परदेशी आणि परगावच्या गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवलेली. आमची सगळी भांडणं मराठीत व्हायची, म्हणजे दोघांनाही सारखीच अडचण.

पहिलं भांडण मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यातलं. एका क्लबची ऑर्डर होती. त्यांचं नाव इटालिकमध्ये होतं, जुन्या युरोपी वळणाचं, अक्षरांच्या टोकांना बारीक नखं असलेलं. छापखान्याच्या भाषेत त्या नखांना सेरिफ म्हणतात, पण मास्तर नखंच म्हणायचे आणि मला आता दुसरा शब्द सुचत नाही. मी काय केलं, कॉम्प्युटरवर तेच नाव साध्या सरळ अक्षरांत टाईप केलं, तिरकं करायचं बटण दाबलं, आणि प्रिंट काढून मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. खिशातून धागे मोजायचं भिंग काढलं. ते एकेका अक्षरावरून फिरवलं.

"ह्यो उभा माणूस ढकललाय तुमी, मॅडम," ते म्हणाले.

मी म्हटलं, तिरकंच तर हवंय. ते म्हणाले, "कलत्या अक्षराला ढकलावं लागत न्हाय. ते आपलं आपण कलतंय. हे बघा की." आणि त्यांनी क्लबचं लेटरहेड माझ्या प्रिंटशेजारी ठेवलं. "सरळ अक्षरात ह्याच्या डोक्यावर छप्पर हाय." म्हणजे छोटा ए. "कलत्यात छप्पर न्हाय, नुसतं पोट आन् एक काठी. आन् ह्यो बघा," म्हणजे एफ, "सरळ असला की जमिनीवर उभा ऱ्हातोय. कलला की पाय जमिनीखाली सोडतोय. तुमच्याचा पाय कुटं हाय?" माझ्या एफला पाय नव्हता. मी एम.ए.ला दोन वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचली, त्यांत हजारो इटालिक शब्द वाचले असतील, आणि त्यातला ए वेगळा असतो, एफ वेगळा असतो हे मला कधी दिसलं नव्हतं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दिसलं होतं. मला राग आला, लाजही वाटली, आणि खरं सांगू, त्या दिवशी बसमधून घरी जाताना मी इतकी खुशीत होते की स्टॉप चुकले.

मग मला खूळच लागलं. दुकानाची पाटी दिसली की मी नखं बघायची, औषधाच्या खोक्यावर एफचा पाय शोधायची. दुसऱ्या दिवशी घरातून चार पुस्तकं आणली. कॅन्टीनमध्ये चहा पिताना मास्तरांनी विचारलं होतं की हे कलतं अक्षर असतंय तरी कशाला, सरळ असताना. मी दाखवलं. कादंबरीत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असला की तेवढाच शब्द कलता. झाडांची शास्त्रीय नावं कलती. जहाजाचं नाव कलतं, पुस्तकाचं नाव कलतं, माणूस मनातल्या मनात बोलतो तेही कलतं. एका जुन्या लग्नपत्रिकेत तर सबंध मजकूरच कलता होता. मी सांगितलं की हे वळण मुळात भरभर लिहिणाऱ्या हातांवरून आलं, जुन्या काळी कुणीतरी हस्ताक्षर बघून ते छपाईसाठी शिशात ओतलं. मास्तर भिंगातून एकेक पान बघत होते. चहा गार झाला. मग म्हणाले, "मंजे सगळे सरळ बसून बोलत्यात, आन् त्यातला एकजण जरा कलून कानात सांगतोय." मी इतकी वर्षं इटालिकबद्दल बरंच वाचलंय, पण मला अजून हेच पटतं. पत्रिकेवर मात्र ते नाराज होते. सगळेच कानात सांगायला लागले तर ऐकायचं कुणाचं, म्हणाले.

प्रत्येक अक्षराला त्यांच्याकडे नाव होतं. के म्हणजे गुडघेवाला. एस म्हणजे नागीण. दोन शब्दांच्या मधे 'आणि' म्हणून जी खूण येते, इटालिकमध्ये तिचा फार देखणा पिळा असतो, तिला ते मोठी सून म्हणायचे, कारण नटून थटून मधे उभी राहते आणि दोन्ही घरं जोडते. पद्माला ही नावं लहानपणापासून पाठ. शाळेत ए फॉर ॲपल म्हणायच्या आधी ती घरी छप्परवाला, बिनछपराचा असं शिकली होती.

त्या क्लबच्या ऑर्डरीत पुढे माझ्याच हातून घोटाळा झाला. मास्तर लग्नाला तेलंगणात गेले होते, मला घाई होती. मी लेटरहेडवरून अक्षर जसंच्या तसं चौकटींत उतरवून घेतलं, मागावर चढवलं, आणि कोरा, म्हणजे न धुतलेलाच, टॉवेल क्लबला पाठवला. टॉवेलवर अक्षर हुबेहूब होतं, मी फोटो काढून आईला दाखवला होता. पंधरा दिवसांनी क्लबचं पत्र आलं, टॉवेल धुतल्यावर तुमची अक्षरं पडली. खरंच पडली होती, बुटकी होऊन आडवी झाली होती. मास्तर आले, त्यांनी मला रागावलं नाही. बेसिनमध्ये एक कोरा टॉवेल भिजवून पिळला आणि पट्टी लावून दाखवला. मागावर उभा धागा ताणून धरलेला असतो. पाण्यात गेला की तो सैल पडतो आणि टॉवेल लांबीला आटतो, रुंदीला तितका नाही. "उंची गेली, आडवं तेवढंच ऱ्हायलं. मग अक्षर कलणारच की." म्हणून कागदावर अक्षर उंच काढायचं, आणि हवं त्याहून ताठ. धुतल्यावर ते आपल्या जागेला येतं. कोरं बघून हुरळायचं नाही. हा धडा मी पक्का गिरवला आणि त्यानंतर धुतल्याशिवाय एक सॅम्पल बाहेर पाठवलं नाही. मला वाटलं, मास्तरांचं सगळं गुपित मला कळलं.

मग कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं, मास्तरांचं वय झालं, ते चौकटीच्या कागदांची गुंडाळी काखोटीला मारून घरी गेले. सणावारी मी भेटायला जायची. काकू, म्हणजे त्यांची बायको लक्ष्मीबाई, दर वेळी तीच तक्रार करायच्या. नापास झालेली सगळी सॅम्पलं मास्तर घरी आणून वापरत. "घरात एक टॉवेल धड न्हाय बघा. कुणाचं हॉटेल, कुणाचा दवाखाना. पाव्हण्याला तोंड पुसायला दवाखाना देऊ होय?" मास्तर नुसते हसायचे.

गेल्या वर्षी ते हॉटेल आलं. डोंगरातलं जुनं, नाव सांगत नाही. मालकीणबाईंच्या आजोबांनी पहिल्या मेनूकार्डावर नाव छापून घेतलं ते एका जुन्या इटालिकमध्ये, आणि तेव्हापासून किल्लीच्या बिल्ल्यापासून बशीपर्यंत तेच. काय अक्षर होतं म्हणून सांगू... पहिल्या कॅपिटलची शेपटी डावीकडे लांब वाहत गेलेली, जाड रेघ हळूच बारीक होत पुढच्या अक्षराला टेकलेली, आणि नावात एक नाही, दोन एफ शेजारी शेजारी, दोघांचे पाय खाली सोडलेले. बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "टॉवेलवर हेच येणार असेल तर करा. नसेल जमत तर साधी सरळ मोठी अक्षरं टाका. अर्धवट मला नको." आधी दुसऱ्या दोन कारखान्यांना जमलं नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरनेही जे काढलं ते बघून मला ते क्लबचं पत्र आठवलं. मी साहेबांना म्हटलं, हे राजेशम मास्तरच करतील. साहेब म्हणाले, त्यांचे हात कापतात आता. मी म्हटलं, जबाबदारी माझी.

मास्तरांनी मेनूकार्ड भिंगाखाली धरलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या. दोन महिने ते खिडकीशी बसून होते. टॉवेलात दोन फाशांपेक्षा बारीक रेघ दिसत नाही, एका फाशाची ओढली तर धुण्यात बुडून जाते, आणि या अक्षराची सगळी मजा तर बारीक रेघेत. तेव्हा कुठली रेघ दोन फाशांची, कुठली तीनची, कुठे एक चौकट रिकामी सोडली की डोळा आपोआप ती भरून घेतो, हे सगळं हाताने. मेनूकार्डावरचं नाव टॉवेलच्या मापात मोठं करून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर उतरवलं होतं. धुतलेल्या टॉवेलवर हे ठेवायचं आणि बघायचं, बसतंय का. मला रोज फोन. "अक्का, आज शेपटी झाली." पहिल्या वर्षानंतर कधीतरी मॅडमची मी अक्का झाले होते. एकदा मी साहेबांच्या मीटिंगमध्ये असताना फोन आला, "एफचा पाय उतरला, दोनी," आणि मी सगळ्यांसमोर "व्हय?" म्हणून ओरडले. साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पाय उतरला. त्यांना वाटलं घरी कुणाचं तरी काही झालं. मला म्हणाले, तुम्ही निघा.

सॅम्पल विणलं, एक जोडी. मी धुतलं, वाळवलं, ट्रेसिंग ठेवलं. बसलं नाही. अक्षरं कागदावरच्यापेक्षा उंच आणि ताठ. परत मापलं, तेच. बाईंनी दिलेली मुदत पंधरा दिवसांवर आलेली, साहेब रोज विचारत होते, आणि मला वाटलं, हात कापतात हे खरंच असणार. मास्तरांनी हिशोब चुकवला. मी फोन लावला.

"मास्तर, अक्षरं उभी राहिलीत."

"धुतलं का?"

"धुतलं की. माझा काय पहिला टॉवेल आहे का हा?"

"एकदा धुऊन काय कळतंय. अजून धुवा की."

"किती वेळा धुवायचं? मास्तर, आता बास."

आणि मी फोन ठेवला. प्रश्न मीच विचारला आणि उत्तराला थांबले नाही. तो माझा स्वभाव, घरचे सगळे ओळखून आहेत, पण आजवर त्याची अशी किंमत पडली नव्हती. त्याच संध्याकाळी मी मालकीणबाईंना मेल पाठवली, की आम्हाला खेद आहे, सरळ अक्षरांचं डिझाईन पाठवत आहोत. सकाळी पद्माचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलणार होते कोण जाणे. पायरीशी हात-पाय धुतले, काकूंनी दोरीवरचा टॉवेल दिला. त्याच क्लबचा, माझ्या पडलेल्या अक्षरांचा. इतक्या वर्षांनी. तोंड पुसताना काठाला काहीतरी लागलं. बघितलं तर लाल धाग्याचे टाके, बारीक, एका ओळीत. दोरीवर दुसरा टॉवेल होता, त्यालाही टाके. तिसऱ्यालाही. मी काकूंना विचारलं, हे काय?

"धुण्याचे," काकू म्हणाल्या. "एक धुनं, एक टाका. ह्यांनी मोजायला लावलेलं. चाळीस वर्सं घातली बघा मी टाके. टाका पडला की हे कागुद घेऊन येनार, आन् वाळल्या टॉवेलवर लावून बघनार." मग त्यांनी दोरीवरचा टॉवेल सारखा केला. "बारा टाक्यापतर अक्षर हलतंय, मग न्हाय हलत, म्हनायचे. तुमच्या हॉटेलाचं बाराव्या धुन्याला बसंल म्हनून काढलंय म्हनाले. हॉटेलात टॉवेल एकदा धुतंय व्हय, म्हनाले. तुमाला बोलले न्हायीत का?"

बोलणार होते, काकू. मी फोन ठेवला. हे मी त्यांना तिथेच सांगितलं, आणि रडले. काकूंनी मला रडू दिलं. मग आतून लाल धाग्याचं रीळ आणि सुई आणून माझ्या हातात ठेवली.

आता पुढचे नऊ दिवस मी काय केलं ते ऐका. ऑफिसातून टॉवेलची जोडी घरी आणली. आमच्या नळाला पाणी मधले काही दिवस सोडून येतं, पिंपातलं पाणी आई डोळ्यांत तेल घालून जपते, आणि मी ते पातेल्यात उकळून दोन टॉवेल धुतेय, वाळवतेय, परत धुतेय. हॉटेलात गरम पाण्यातच धुणार ना. आई म्हणाली, "वेड लागलंय का ग तुला? सोच्छ टॉवेल कितींदा धुतीस?" मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आपलं भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालायला वेगळं काढलं आणि पिंप माझ्यासाठी सोडलं. एकेका धुण्याला एकेक टाका. चौथ्या टाक्याला अक्षर हललं. खरंच हललं, केसभर, मी तीनदा मापलं. सातव्याला शेपटी कागदावर आली. नवव्याला गुडघेवाला. माझं ऑफिसात लक्ष नव्हतं, मी दुपारी आईला फोन करून विचारायची, वाळला का. अकराव्याला सगळं बसलं, फक्त दोन एफचे पाय कागदाच्या रेघेखाली एक फासाभर उतरलेले. मी आईला म्हटलं, मास्तर म्हणजे मास्तर, बाराव्याला बघ. आणि मनातून घाबरले होते. बाराव्याला नाही बसलं तर?

रविवारी सकाळी गच्चीवर, वाळलेल्या टॉवेलवर मी ट्रेसिंग ठेवलं. कडा जुळवल्या. आणि मला कागदावरची रेघ दिसेनाशीच झाली. रेघेखाली रेघ, नखाखाली नख, एफच्या पायांखाली पाय. मी मोठ्याने म्हटलं, "मास्तर, बसलं." शेजारच्या गच्चीवरच्या बाई वळून बघायला लागल्या. बघू देत.

मालकीणबाईंना मी सगळं लिहिलं. माझी चूक लिहिली, आधीची मेल रद्द समजा म्हटलं, आणि जोडीतला एक टॉवेल, बारा वेळा धुतलेला, रंग जरा उतरलेला, काठाला लाल टाके असलेला, तसाच पाठवून दिला. या धंद्यात कुणी वापरलेलं सॅम्पल पाठवत नाही, साहेबांना कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. आठव्या दिवशी बाईंचा फोन. आजोबांचं मेनूकार्ड शेजारी ठेवून बघितलं, म्हणाल्या. ऑर्डर दिली, आणि तो टॉवेल परत मागू नका म्हणाल्या. आता त्यांच्या हॉटेलात नवे टॉवेल जातील तेव्हा पहिले काही दिवस अक्षरं जरा ताठ दिसतील. तिथल्या धुलाईवाल्यांना बाईंनी सांगून ठेवलंय, घाबरू नका, बारा वेळा धुवा.

जोडीतला दुसरा टॉवेल मी काकूंना नेऊन दिला. त्यांनी उलगडला, उलटासुलटा करून बघितला, आणि म्हणाल्या, "परत हॉटेलच व्हय." मग तो नेऊन दोरीवर टाकला, मास्तरांच्या खुर्चीमागे, जिथे त्यांचा रोजचा टॉवेल असायचा. काकू तो वापरतात. दर धुण्याला टाका घालायची त्यांची सवय काही सुटलेली नाही, मोजायला कुणी नसलं तरी. परवा गेले तेव्हा सतरा टाके झाले होते. मी पर्समधून ट्रेसिंग काढलं, काकूंनी टॉवेलचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं. कागद ठेवला. अक्षर होतं तिथेच होतं.